सब्जा

माती मुठीत दाबायची, मग मूठ उघडायची.
ढेकूळ फुटलं नाही, बोटांचे वळ तसेच राहिले,
तर वाळू साच्याला चालते.
उद्यमनगरात एकतीस वर्षं मी हेच केलं.
आता गच्चीवर गोडेतेलाचे नऊ डबे आहेत
आणि इथं सगळं उलटं:
मूठ उघडली की माती सुटली पाहिजे.
हाताला हे पटायला एक उन्हाळा गेला.

बी दस्तगीरनं दिलं, फालुद्याच्या गाड्यावरचं.
"पेरताय कशाला काका, भिजवून खावा की."
काळं, राईहून बारीक.
थेंब पडला की प्रत्येकाभोवती
एक बुळबुळीत डोळा तयार होतो
आणि बराच वेळ बघत राहतो.

पहिल्यांदा बोटभर खोल पुरलं. काही आलं नाही.
दुसऱ्यांदा नुसतं भुरभुरलं,
वर गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरचं जुनं शेणखत, पिठाच्या चाळणीनं चाळून
(चाळण नवी आणावी लागली),
आणि पाणी हौसाच्या इस्त्रीच्या पिचकारीतून.
सहाव्या दिवशी, डब्याच्या काठाशी,
जिथं ऊन उशिरा पोचतं,
माती टोपीसारखी डोक्यावर घेऊन
सात जण उभे.

वास मात्र मला येत नाही.
भट्टीचा धूर, कोअरचं तेल, जळकी वाळू,
नाक तिथंच राहिलं, हजेरीच्या कार्डासोबत.
सीपीआरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सवय करा.
म्हणून मी पान चुरगाळतो
आणि माणसांची तोंडं वाचतो.
हौसा डोळे बारीक करते: लवंग.
पेपरवाला पोरगा म्हणतो, "बडीशेप हाय का वो?"
खालच्या मगदूमवहिनी काहीच बोलत नाहीत,
आणखी एक पान तोडून घेतात.
तो वास सगळ्यात चांगला असावा.

हौसानं एकदा पांढऱ्या रश्श्यात चार पानं टाकली.
पुढचं सांगत नाही.
कोल्हापुरात राहायचंय अजून.

वीतभर झालं की शेंडा खुडायचा,
पानांच्या चौथ्या जोडीवर, नखानं.
एक खुडला की दोन फुटतात, हे ऐकून होतो.
पण ऐकणं वेगळं,
आणि कोवळ्या देठाचा तो 'कट्' वेगळा.
पहिल्या दिवशी हात धजेना, नख टेकवून तसाच बसलो.
तुरा दिसला तर त्याच दिवशी काढायचा.
रोप एकदा बियांच्या मागं लागलं
की पानांकडं लक्ष देत नाही,
पान निबर होतं, कडू होतं.
आपल्यातही असतात असे.

भादव्यात मेहरुन आली. युसूफची.
मी वाळू दाबायची, युसूफनं लेडल कलती करायची,
अठरा वर्षांत एक ठिणगी
त्यानं माझ्यावर उडू दिली नाही.
"भावजी, एक रोप द्या. त्यांच्याजवळ लावायचं हाय."
सगळ्यात दाट होतं ते दिलं,
सगळ्यात जास्त खुडलेलं.

बागल चौकात, कबरस्तानात, खड्डा मी केला.
माती मुठीत घेतली. सवय.
दाबली. उघडली.
ढेकूळ तसंच राहिलं, चारी बोटांसकट.
ते लगेच फोडलं नाही.
मेहरुन म्हणाली,
"वास पार फाटकापर्यंत जातोय, बगा."
मी म्हणालो, हो.

तिथलं रोप खुडायला कुणी जात नाही.
मार्गशीर्षात एकदा गेलो,
तर कमरेला लागेल एवढं झालेलं,
तुरेच तुरे, जांभळे पडून सुकायला लागलेले.
नख टेकवलं.
मग हात खिशात घातला.
मुंग्या एकेक बी उचलून
शेजारच्या कबरीकडं निघाल्या होत्या.
तिथं कोण आहे,
पाटीवरचं मला वाचता आलं नाही.